आवडाबायची माफी

कोलशेतच्या गुणाजी मढवीला कुणी गंडवेल असं गावात कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते. कंपनीत बत्तीस वर्षं फिटर म्हणून घासलेला माणूस. बिल्डरची माणसं दारात आली तेव्हा एकेक कागद तीन-तीनदा वाचून घेतला आणि चौथ्यांदा वाचायला शेजारच्या वकिलाला बोलावलं. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या एका भामट्याला यानं फोनवर अर्धा तास झुलवलं आणि शेवटी, "तुझ्या आयशीला ठाऊक आहे का रे, तू काय धंदे करतोस ते?" असं विचारून गप्प केलं होतं. तर असा हा माणूस फसला. बरं, पैशाला फसला असता तर बायकोनं, म्हणजे सगुणानं, आठवडाभर तोंडाचा पट्टा चालवला असता आणि विषय मिटला असता. पण हे प्रकरण निराळं होतं.

रिटायर झाल्यावर मुलानं मोठा फोन हातात दिला. पहिले काही महिने गुणाजीनं त्यावर फक्त हवामान बघितलं. मग कुणीतरी त्याला एक पान पाठवलं. "आवडाबायचा उंबरा" असं त्याचं नाव. रोज सकाळी एक म्हातारी आगरी बोलीत काहीबाही लिहायची. चिखलातले निवटे मासे कसे साफ करायचे, मिठागरावर काम करणाऱ्यांच्या पायांना भेगा कशा पडायच्या आणि त्यांत काय भरायचं, हळदीच्या रात्री कोण कोण रुसायचं. फोटोत कधी चेहरा नाही. उंबऱ्यावर टेकलेला एक हात, हातात हिरव्या बांगड्या, बस्स. पंचवीस-तीस हजार लोक ते वाचायचे. गुणाजी चष्मा लावून दोनदा वाचायचा. चहूबाजूंनी टॉवर उठले, गावात बोली बोलणारं तोंड शोधावं लागायचं, आणि इथं ही बाई रोज उठून बोलायची. त्याला ते फार गोड लागायचं.

मग लग्नसराईत एके दिवशी आवडाबायनं हळदीचं एक गाणं टाकलं आणि त्यात गुणाजीच्या आईची ओळ होती.

गुणाजीची आई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीनं गाऊन विधी लावल्याशिवाय पान हलत नाही, तिचा मान भटजीच्या वरचा. या आईनं गाण्यात स्वतःची एक ओळ जोडलेली होती. हळदीला ऊन लागू देऊ नका, पोर माझी सावलीतली. दुसऱ्यांच्या लग्नात ती ही ओळ म्हणायची नाही. ती फक्त घरातल्या लेकीसाठी राखलेली, चुलीपुढं बसून गुणगुणायची तेवढीच. ही ओळ ऐकलेली दोनच माणसं आता जिवंत होती. एक गुणाजी आणि दुसरी त्याची मोठी बहीण कांता.

कांताला माहेर तुटून बेचाळीस वर्षं झाली होती. तिनं खोपटच्या एसटी डेपोतल्या शिवराम साळवे नावाच्या मेकॅनिकशी लग्न केलं. माणूस सरळ, निर्व्यसनी, पगारी, पण बौद्ध. मढवींच्या घरात जात आडवी आली. तेव्हा ती पुष्कळ घरांत आडवी यायची, अजूनही येते, म्हणून काही ते कमी वाईट ठरत नाही. बापानं मुलगी मेली म्हणून जाहीर केलं. त्यानंतर ती एकदाच कोलशेतला आली, आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा, आणि दारातूनच परत गेली. ती आता कुठं आहे, हे गुणाजीनं कधी कुणाला विचारलं नाही. विचारायचं तोंडच नव्हतं त्याला. पण एक इच्छा मात्र त्याच्या उरात काट्यासारखी रुतून होती. मरायच्या आधी बहिणीनं एकदा म्हणावं, जा गुण्या, सोडलं तुला.

आणि आता ही ओळ. दुसरं कोण असणार? नाव बदलून लिहितेय, चेहरा लपवतेय, का लपवणार नाही बिचारी? गुणाजीनं सगळं मनाशी जुळवलं.

सगुणाला त्यानं काही सांगितलं नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी बसून त्यानं एकेक अक्षर दाबत निरोप लिहिला. "बाय, तू कांता हायस का? मी गुण्या."

दोन दिवस उत्तर नाही. मग आलं. "नाव कशाला इचारतंस बाबा? तू मना बाय बोललास, मी ऐकतंय. बोल."

झालं! गुणाजीला एवढंच पुरे होतं. नाही म्हणाली नाही, म्हणजे तीच. त्यानं तीन दिवस लागून लिहून काढलं. आयस आजारी व्हती, तू तान्ह्या पोराला घेऊन आलीस. बापूस दारात उभा व्हता. मी लहान व्हतो, माझं काय चाललं नाय. आयस तेव्हा झोपली व्हती, तुना उद्या ये असं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच ती गेली. आम्ही तुना कळवलंपण नाय. दहाव्याला तुना कुणा तिऱ्हाइताकडून कळलं. बाय, मना माफ कर.

उत्तराला या वेळी चार दिवस लागले. त्या चार दिवसांत गुणाजीच्या घशाखाली धड घास उतरला नाही. सगुणानं दोनदा विचारलं, "अहो, पोटात दुखतंय का?" मग पाचव्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"लहान पोराचा काय दोष बाबा? मी तुना कवाच माफ केलं. आता रडू नको. पोटभर जेव."

गुणाजी टाकीला टेकून हमसून हमसून रडला. साठी उलटलेला माणूस, पण शाळकरी पोरासारखा रडला. खाली येऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. त्या दिवसापासून सहा महिने त्याचं आयुष्य बदलून गेलं म्हणायला हरकत नाही. रोज सकाळी बायला निरोप, रोज संध्याकाळी तिचं उत्तर. भेटायला येऊ का, असं त्यानं दोनदा विचारलं. "नको रं. हाय तसंच बरं हाय," असं आलं. त्यानंही ताणलं नाही. दिलंय तेवढं पुष्कळ दिलंय, असं त्याला वाटायचं. शेजारीपाजारी विचारायला लागले, गुणाजीशेठ, कुठलं टॉनिक घेता?

मग एका रविवारचं निमंत्रण पानावर झळकलं. डोंबिवलीतल्या एका सभागृहात दुपारी चार वाजता कार्यक्रम. "पहिल्यांदाच समोरासमोर, आवडाबाय." गुणाजीनं लगेच अर्थ लावला. लोकांसमोर यायला तयार झाली, म्हणजे मलाही भेटायला तयार झाली. त्यानं कंपनीतल्या जुन्या मित्रांचा मेळावा आहे अशी सगुणाला थाप मारली, बाजारातून एक चांगलं हिरवं लुगडं घेतलं आणि तासभर आधीच जाऊन दुसऱ्या रांगेत बसला. ओळखेल का मला? आपण ओळखू का? बेचाळीस वर्षांत माणूस केवढं बदलतं. लुगड्याची पिशवी त्यानं मांडीवरून खाली ठेवली नाही.

पडदा सरकला. काठी टेकत, कमरेत वाकलेली एक म्हातारी आली. आडवं लुगडं, डोक्यावर पदर, पांढरे केस. गुणाजी अर्धा उठलाच होता. तेवढ्यात म्हातारीनं काठी टाकली, ताठ उभी राहिली, केसांचा टोप उपसला आणि हसली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची पोरगी! "नमस्कार डोंबिवली! मी कादंबरी. मीच तुमची आवडाबाय!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. लोकांना अर्धंमुर्धं ठाऊक होतं म्हणे, कुणाला तर तो सगळा खेळच वाटत होता. फक्त गुणाजी पिशवी धरून खाली बसला.

एवढ्यावर भागलं असतं तरी त्यानं ते गिळलं असतं. पण कादंबरीनं कागद उघडला आणि म्हणाली, "आता अजून पानावर न टाकलेला एक लेख वाचते. भाऊ दारात आला." आणि तिनं वाचायला सुरुवात केली. आयस आजारी होती. तान्हं पोर काखेला होतं. बापूस दारात उभा होता. नावं बदललेली, कोलशेतच्या जागी दुसरंच कुठलं तरी गाव टाकलेलं, पण वाक्यं गुणाजीची. टाकीशेजारी बसून, एकेक अक्षर दाबून लिहिलेली. कुठं थांबायचं, कुठं आवाज कापरा करायचा, सगळं त्या पोरीनं बसवलेलं होतं. गुणाजीच्या शेजारची बाई नाकाला रुमाल लावून मुसमुसत होती. ती त्याच्याकडे वळून म्हणाली, "किती खरं लिहिते ना हो!"

गुणाजीला वाटलं, उठावं आणि ओरडावं. ओरडला नाही. ज्याच्या गुपिताची अशी भर सभेत वाच्यता झाली तो आणखी काय ओरडणार?

कार्यक्रम संपल्यावर कादंबरीबरोबर फोटो काढायला रांग लागली. गुणाजी रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा पोरीनं सवयीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, इकडे बघा हं, कॅमेऱ्यात."

"मी गुणाजी मढवी," तो म्हणाला. "कोलशेतचा."

तिचा हात खाली आला. तिनं मागच्या लोकांना हात जोडून पाच मिनिटं मागून घेतली आणि त्याला जिन्याजवळ नेलं. "काका, मी सांगणारच होते तुम्हाला."

"कधी?"

तिनं मागं रांगेकडे बघितलं.

"माझ्या आयशीची ओळ तुला कुणी दिली?"

"तुम्हीच. काका, खरंच आठवत नाही? चार वर्षांपूर्वी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आम्ही पाच मुली आलेलो तुमच्या गावात. तुम्ही ओटीवर बसून गायलेलात. माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे."

गुणाजीला अंधुक आठवलं. पोरी आल्या होत्या खऱ्या, चहा पिऊन गेल्या होत्या. त्यानंच दिलेली ओळ फिरून त्याच्याच दारात आली आणि त्यानं तिला बहीण समजून मिठी मारली.

"मी कधी म्हटलं का, मी कांता आहे?" कादंबरी म्हणाली. आवाज रडवेला झाला होता, पण वकिली सुटली नव्हती. "आवडाबाय हे पात्र आहे, काका. पात्र लिहिण्यात खोटं काय? माझ्या नावानं लिहिलेलं कोण वाचत होतं? पन्नास लोक. आजीच्या तोंडून लिहिलं तर हजारो वाचतात. बोली टिकते ना त्यानं?"

"पानावर काय वाट्टेल ते लिही तू. मी तुना पानावर नाय विचारलं. आतल्या निरोपात विचारलं, तू कांता हायस का. तेव्हा नाय म्हणायला काय झालं?"

"तुम्ही इतकं तुटून लिहिलेलं. नाही म्हणवलं नाही मला. वाटलं, एका ओळीनं माणसाला बरं वाटत असेल तर काय बिघडलं?"

"बरं वाटलं ना पोरी. सहा महिने लय बरं वाटलं," गुणाजी म्हणाला. "आणि मग ते लोकांना वाचून दाखवलंस."

"नावं बदलली होती."

"नावं बदललीस. रडणं माझंच ठेवलंस."

ती तोंड झाकून रडायला लागली. एरवी कुणी लेकीबाळी रडली की गुणाजी डोक्यावर हात ठेवायचा. आज ठेवला नाही. हे रडणं तरी हिचं आहे का, असं त्याच्या मनात आलं आणि असं मनात यावं याचाच त्याला जास्त संताप आला. तो जिना उतरला.

घरी आल्यावर सगुणानं पिशवी उघडली. "मेळाव्यात लुगडं वाटतात होय? कुणासाठी घेतलेलं?" मग त्यानं सगळं सांगितलं. सांगताना तो जमिनीकडे बघत होता. सगुणा भांडेल, हसेल, असं त्याला वाटत होतं. तिनं लुगड्याची घडी पुन्हा घातली आणि म्हणाली, "कांताबाय विठ्ठलवाडीला राहते. सात वर्षांपूर्वी कल्याणच्या बाजारात भेटलेली मना. शिवरामभाऊ वारले तिचे. पत्ता हाय माझ्याकडे."

गुणाजीनं मान वर केली. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तिचं नाव काढलं की उठून जायचात. फोनातल्या बाईला विचारलंत, घरातल्या बाईला नाय विचारलंत."

तिसऱ्या दिवशी तो विठ्ठलवाडीला गेला. एकटाच गेला, सगुणा येते म्हणाली तरी तिला नको म्हणाला.

स्टेशनच्या मागं जुन्या इमारतीत दुसरा मजला. दार एका कॉलेजातल्या मुलीनं उघडलं. ही कांताची नात, प्रीती. आत पलंगावर कांता पाय पसरून बसली होती. अंगानं वाळलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, शेजारी हार घातलेला शिवराम. गुणाजीनं नाव सांगितलं. कांतानं मान तिरपी करून त्याच्या आवाजाच्या दिशेनं बघितलं आणि म्हणाली, "बस." बेचाळीस वर्षं साळवेंच्या घरात काढलेल्या कांताच्या बोलण्यात आगरी बोली नावालाच उरली होती. खोट्या आवडाबायचीच अस्सल होती.

गुणाजीला सुरुवात कुठून करावी कळेना. शेवटी त्यानं फोनची गोष्ट सांगितली. कांतानं पुढं झुकून ऐकलं. सांगून झाल्यावर म्हणाली, "प्रीती, त्याचा फोन घे. काय काय लिहिलंय ते वाच मला. सगळं वाच."

प्रीती वाचू लागली. तिला ती बोली जमत नव्हती, अडखळत होती. बापूस दारात उभा व्हता. मी लहान व्हतो.

"थांब," कांता म्हणाली. "किती लहान होतास रे तू?"

गुणाजी चष्मा पुसायला लागला.

"मी सत्तावीसची होते. तू माझ्याहून तीन वर्षांनी लहान. म्हणजे किती?"

"चोवीस."

"आणि बापूस कुठं होता?"

"मिठागरावर," गुणाजी म्हणाला.

"दारात कोण होतं?"

"मी."

"मग बापूस कुठून आला ह्याच्यात?" कांतानं विचारलं. प्रीती कधी आजीकडे, कधी या अनोळखी म्हाताऱ्याकडे बघत होती. "पुढं वाच गं. त्या बाईनं काय उत्तर दिलं?"

"लहान पोराचा काय दोष बाबा? मी तुना कवाच माफ केलं."

कांता हसली. हसणं चांगलं नव्हतं ते. "बघ. तिनं एका लहान पोराला माफ केलं. असा पोरगा आपल्या घरात कधी नव्हताच. तीही खोटी आणि तूही खोटा. दोघांचं छान जमलं. आणि माझ्या नावावर माफी वाटून मोकळी झाली ती, मला न विचारता! मी चाळीस वर्षं जे कुणाला दिलं नाही ते कुठल्या परक्या पोरीनं उचलून दिलं. वर टाळ्या घेतल्या."

"माझ्या लग्नाची सुपारी फुटायची होती, बाय, त्याच महिन्यात," गुणाजी म्हणाला. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, सगुणाला तर नाहीच. "तुना घरात घेतली असती तर मुलीवाले फिरले असते. मना भीती वाटली. मीच दार लावलं. बापसानं सांगितलं नव्हतं, त्याचं नाव मी इतकी वर्षं स्वतःलाच सांगत आलो. मीच." आणि त्यानं हात जोडले. "मना माफ कर."

"नाही," कांता म्हणाली.

तिनं ते शांतपणे सांगितलं, भाजीवाल्याला आज नको म्हणावं तसं. गुणाजीनं मान हलवली. सहा महिने खोट्या माफीवर पोसलेल्या माणसाला हे खरं उत्तर फार जड गेलं, पण यात त्याला कुणी फसवत नव्हतं.

तो उठायला लागला तशी कांता म्हणाली, "एक सांग. आयस झोपली होती म्हणालास त्या दिवशी. खरंच झोपली होती?"

गुणाजीला खोटं बोलता आलं असतं. अजूनही कुणी साक्षीदार नव्हता. "नाय," तो म्हणाला. "जागी व्हती. तुझा आवाज ऐकला तिनं. मी आत गेलो तेव्हा विचारलं, कांता आली का रं?"

"तू काय सांगितलंस?"

"कुणी नाय, असं सांगितलं."

प्रीतीनं फोन पलंगावर ठेवून दिला. कांतानं चाचपून तो जवळ ओढला.

"हे त्या बाईला लिहिलं होतंस?"

"नाय. हे कुणालाच नाय सांगितलं."

"बरं केलंस," कांता म्हणाली. "हे माझं होतं."

मग तिनं पदर तोंडावर ओढून घेतला आणि आतूनच त्याला जायला सांगितलं.